विंगेतलं वय

कॅमेरॉन क्रोच्या ‘ऑलमोस्ट फेमस’चं नाव निघालं की दोन आक्षेप हमखास येतात. पंधरा वर्षांचा पोरगा शाळा सोडून रॉक बँडच्या बसमधून फिरतो, हे श्रीमंत देशाचे लाड. रायपूरच्या मराठी घराला त्याचं काय, हा पहिला. दुसरा अधिक गंभीर: हा सिनेमा नशेला आणि बेफिकिरीला गोड आठवणींचा मुलामा देतो.

दुसऱ्याचं उत्तर सिनेमातच आहे. पेनी लेन या मुलीला बँडवाले पत्त्यांच्या डावात पन्नास डॉलर आणि बिअरच्या खोक्यावर दुसऱ्या बँडला देऊन टाकतात. हे तिला सांगायची वेळ येते विल्यमवर, तिच्यावर जीव असलेल्या त्याच पंधरा वर्षांच्या पोरावर. पुढे ती गोळ्या खाऊन मरता मरता वाचते. यात मुलामा कुठे आहे? तिचं दुःख पटकथा फार लवकर पुसते, एवढा दोष मात्र खरा. पण रॉक समीक्षक लेस्टर बँग्ज विल्यमला बजावतो की ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याशी दोस्ती करू नकोस, आणि सिनेमाचा सगळा ताण तिथेच आहे: ज्यांच्यावर भाळलो त्यांच्याविषयी खरं लिहायचं कसं? क्रो स्वतः कोवळ्या वयात ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकासाठी ऑलमन ब्रदर्स बँडबरोबर हिंडला होता. त्याला हा पेच ठाऊक होता.

आता पहिला आक्षेप. सिनेमातला तो दौरा 1973चा. त्याच वर्षी रायपुरात नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीरांनी नाचा या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांची कार्यशाळा घेतली आणि तिच्यातून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक उभं राहिलं. हबीबसाहेब रायपूरचेच, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. ते शिकत होते त्या काळी रायपूरचीही राजधानी नागपूरच होती. कार्यशाळेनंतर दोन वर्षांनी त्यांचं ‘चरणदास चोर’ आलं. श्याम बेनेगलांनी त्याच वर्षी त्यावर केलेल्या सिनेमात हबीबसाहेबांच्या नया थिएटरच्या कलावंतांबरोबर राजकन्या होती स्मिता पाटील. मग मराठी घराला हे परकं कसं? विंगेत उभं राहून नाचातल्या पुरुषाची ‘परी’, म्हणजे स्त्रीपात्र, होताना पाहणारं पोर विल्यमपेक्षा कमी काय शिकलं असेल?

नाचा म्हणजे रॉक नव्हे, हे कबूल. पण ‘पीपली लाइव्ह’मध्ये 2010 साली इंडियन ओशन बँडचं रॉक आणि हबीबसाहेबांची कन्या नगीन तनवीर यांच्या आवाजातलं छत्तीसगढी गाणं शेजारी शेजारी आलं, आणि ऐकताना कुठे सांधा खटकला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की नाचाच्या विंगेतल्या पोराचा असा सिनेमा रायपुरात व्हायलाच हवा. त्यात आईची धास्ती फ्रान्सिस मॅकडॉरमंडनं साकारलेल्या विल्यमच्या आईइतकीच मानाने दाखवावी. टाळ्या कोणाला आणि बिदागी किती, हे त्या पोरानं थेट विचारावं, हबीबसाहेबांनाही. 1973 साली जे पंधरा वर्षांचे होते ते आता सत्तरीला टेकले आहेत. त्यांच्या आठवणी आधी लिहून घ्या. पटकथा मागाहून होईल.