आकाशातली वीज, घरातली वीज



मृग नक्षत्र लागले, की रिसोडच्या परिसरात दुपारनंतर आभाळ भरून येते. विजा कडाडू लागतात आणि नेमके त्याच वेळी घरातले दिवे जातात! मग कोणीतरी हमखास म्हणते, "आभाळात एवढी वीज आहे. ती पकडून तारांत का सोडत नाहीत?"

असे वाटायला आपली भाषाही कारणीभूत आहे. मराठीत आकाशातली ती वीज आणि तारेतली तीही वीज. उर्दूतही दोन्हींना 'बिजली'च म्हणतात.

शास्त्रज्ञांना वादळी ढगांत याहून नवलाची गोष्ट सापडली आहे. तिचे नाव प्रतिद्रव्य. प्रत्येक अणूत ऋण विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन असतात, हे तुम्ही शिकला आहात. अगदी तसाच, पण धन विद्युतभाराचा एक कण असतो. तो पॉझिट्रॉन. कार्ल अँडरसन यांनी १९३२ साली तो शोधला. पॉझिट्रॉन हा प्रतिद्रव्याचा कण आहे. त्याची इलेक्ट्रॉनशी गाठ पडली, की दोघेही नाहीसे होतात आणि गॅमा किरण तेवढे उरतात.

वादळी ढगात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावतात. ते हवेतील अणूंजवळून जाताना गॅमा किरण निघतात. या किरणांतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी जन्माला येते. १४ डिसेंबर २००९ रोजी 'फर्मी' हा उपग्रह इजिप्तवरून जात होता. दूर झांबियातील वादळात जन्मलेले पॉझिट्रॉन त्याच्यावर येऊन आदळले. आपल्या देशातही असा अभ्यास चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एक मोठे उपकरण उटी येथे आहे. त्याच्या साहाय्याने १ डिसेंबर २०१४ च्या वादळाचे मापन झाले. त्या ढगातील विद्युतदाब सुमारे १३० कोटी व्होल्ट होता. आपल्या घरात तो २३० व्होल्ट असतो!

मग हे प्रतिद्रव्य वापरता येईल का? एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटले, तर सुमारे ५ कोटी युनिट विजेएवढी ऊर्जा मिळेल. पण एक ग्रॅम पॉझिट्रॉन जमवायचे, तर एकावर सत्तावीस शून्ये इतके कण हवेत. शिवाय ते ठेवायचे कशात? डबा असो की बाटली, सारे द्रव्याचेच. स्पर्श होताच कण संपले. युरोपातील 'सर्न' प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे मोजके अणू चुंबकाच्या साहाय्याने अधांतरी ठेवतात. २०११ साली ते सुमारे सोळा मिनिटे टिकवता आले, तेव्हा केवढा आनंद झाला!

म्हणून मला वाटते, ढगातल्या प्रतिद्रव्यावर कारखाने चालवण्याचे स्वप्न कोणी दाखवले, तर त्याला आधी हिशेब विचारावा. पण 'मग या संशोधनाचा उपयोग काय?' असेही म्हणू नये. पॉझिट्रॉन आज रुग्णालयात काम करतात. पेट स्कॅन करताना रुग्णाला दिलेल्या औषधातून ते निघतात आणि कर्करोगाची गाठ कोठे आहे, हे डॉक्टरांना कळते. १९३२ साली हा उपयोग कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. ज्ञान आधी येते. उपयोग मागाहून येतो.

वीज बांधता आली नाही, तरी तिची चाहूल घेता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप जवळपास विजा पडत असल्यास मोबाइलवर सूचना देते. दरवर्षी विदर्भात शेतात काम करणारी माणसे विजेने दगावतात. सूचना वेळेवर मिळाली आणि झाडाखाली थांबलेला माणूस पक्क्या घरात गेला, तर एक जीव वाचतो. या एका जिवापुढे ५ कोटी युनिटांचे मोल ते काय? आज घरी गेल्यावर एवढे तरी नक्की सांगा.

स्वाध्याय
१. पॉझिट्रॉन साठवून ठेवणे कठीण का आहे?
२. 'ज्ञान आधी येते. उपयोग मागाहून येतो.' यावर तुमचे मत पाच ओळींत लिहा.