टॉमला वाचा फुटली तेव्हा

एखादी पेढी विकली जाते तेव्हा दुकान, माल आणि उधारी यांच्या किमतीखेरीज ताळेबंदात आणखी एक रक्कम मांडली जाते. पुस्तकी मराठीत तिला ख्याती म्हणतात, बाजारात गुडविल. तिला हात लावता येत नाही, तिचे वजन करता येत नाही आणि तरीही पुष्कळदा तीच सर्वांत महाग असते. ‘टॉम अँड जेरी’ या जोडीची ख्याती ज्यांच्या ज्यांच्या हाती गेली, त्यांनी तिचे काय केले याचा हिशेब या महिन्यात मांडावासा वाटतो. कारण घरगुतीच आहे. सुट्टीत नातवंडे येतात, या नावाचा कुठला तरी चित्रपट लागलेला असतो आणि आपण नाव वाचून निर्धास्तपणे मुलांना त्यापुढे बसवतो. दुकानात नावाजलेल्या मार्क्याचा मालही आपण गोणी उघडून पाहतो. करमणुकीच्या बाबतीत मात्र ही सवय आपल्याला नाही.

मूळ भांडवल आधी पाहू. १९४० साली एम.जी.एम. स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी ‘पस गेट्स द बूट’ हा लघुपट केला. त्यात बोक्याचे नाव जॅस्पर होते. टॉम आणि जेरी ही नावे पुढे स्टुडिओतल्याच एका स्पर्धेतून आली आणि ती सुचवणाऱ्याला पन्नास डॉलरचे बक्षीस मिळाले. (इतक्या स्वस्तात इतकी मोठी ख्याती दुसऱ्या कोणाला मिळाली असेल, असे वाटत नाही.) १९५८ पर्यंत या दोघांनी अशा ११४ लघुपटांचे दिग्दर्शन केले आणि त्यांपैकी सातांना ऑस्कर मिळाले. बहुतेक लघुपट सात-आठ मिनिटांचे.

या पात्रांचा स्वभाव म्हणजे काय? पहिली गोष्ट म्हणजे मौन. ‘द कॅट कॉन्सर्टो’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. टॉम कोट घालून ऐटीत पियानोसमोर बसतो, लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सडी वाजवू लागतो आणि पियानोच्या पोटात झोपलेल्या जेरीची झोप मोडते. पुढे जे युद्ध होते त्यात टॉम वादन थांबवत नाही, कारण समोर श्रोते बसले आहेत आणि अब्रूचा प्रश्न आहे. शेवटी तो थकून कोसळतो आणि टाळ्या जेरी घेऊन जातो. गर्व, संताप, फजिती, खोडी हे सारे त्यात आहे. शब्द मात्र एकही नाही. बोलण्याचे काम स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत करी. टॉमच्या तोंडून निघणारी ती प्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅना यांची.

दुसरी गोष्ट वैराची, पण ते वैर तळ असलेले. १९४१ च्या ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ मध्ये टॉम जेरीला बाहेर बर्फात कोंडतो, मग त्यालाच चैन पडत नाही आणि गारठलेल्या उंदराला आत आणून तो शेकोटीजवळ ठेवतो. जेरी नसेल तर टॉमला घरात करण्यासारखे काही उरत नाही, हे त्या बोक्याला पुरते ठाऊक आहे.

मौनाचे व्रत अगदी निरपवाद होते असे नाही. १९४३ च्या ‘द लोनसम माउस’ मध्ये दोघे कुजबुजत कट रचतात; १९४५ च्या ‘अँकर्स अवे’ या चित्रपटात जेरी जीन केली या नटाबरोबर नाचतो आणि बोलतोही. पण ते चिमूटभर होते.

पुढे जीन डाइच यांनी प्राग शहरात तेरा आणि चक जोन्स यांनी चौतीस लघुपट केले. चेहरे बदलले, टॉमच्या भुवया दाट झाल्या, तरी व्यवहार जुनाच राहिला. खरा बदल झाला तो १९७५ च्या दूरचित्रवाणी मालिकेत आणि तोही मूळ भागीदारांच्याच कंपनीकडून. मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी नको, असा त्या वेळी अमेरिकन वाहिन्यांचा कटाक्ष होता. म्हणून जेरीच्या गळ्यात लाल बो बांधला गेला आणि दोघे जिवलग मित्र होऊन गावोगाव हिंडू लागले.

हा आक्षेप आपल्याही घरांत हमखास निघतो. थाळ्या डोक्यात घालणे, शेपटी दाराच्या फटीत चिरडणे हे लहान मुलांनी का पाहावे? प्रश्न रास्त आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी मुलांना ते दाखवू नये, यात मला काही वावगे वाटत नाही. परंतु भांडण काढून टाकून पाटी मात्र तीच ठेवणे हा निराळा व्यवहार झाला. गोणीवरचा शिक्का जुना आणि आतले धान्य दुसरे.

आता चित्रपटांकडे येऊ. त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. सात मिनिटांचा पाठलाग दीड तास ताणता येत नाही. दीड तासाला कथानक हवे आणि कथानक पुढे नेणारा, बोलणारा कोणी तरी हवा. ही जबाबदारी कोणावर टाकायची, याच निर्णयात सारे तरते किंवा बुडते.

फिल रोमन यांच्या १९९२ च्या ‘टॉम अँड जेरी: द मूव्ही’ ने ती थेट टॉम आणि जेरीवर टाकली. घर पाडले जाते, दोघे रस्त्यावर येतात, एक कुत्रा आणि एक पिसू त्यांना मैत्रीचा उपदेश करतात आणि बोका चक्क बोलू लागतो. मग पोरकी ठरलेली एक मुलगी येते, तिच्या पैशावर डोळा असलेली दुष्ट आत्या येते, वकील येतो आणि सारेजण गाणी म्हणतात. संगीत हेन्री मॅन्सिनी यांचे, म्हणजे उसने किंवा हलके काही नव्हते. बार्बेरा स्वतः सल्लागार होते. तरीही पडद्यावर जे दिसते ते कुठल्याही दोन सज्जन प्राण्यांचे साहस आहे. टॉमच्या जागी ससा घाला, जेरीच्या जागी खार घाला, कथेत काही अडणार नाही. चित्रपट चालला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. संस्थापकाची सही कागदावर होती, पण जुना व्यवहार त्यात राहिला नव्हता.

त्यामानाने २००२ चा ‘द मॅजिक रिंग’ हा तासाभराचा चित्रपट पाहण्यासारखा आहे. थेट घरी पाहण्यासाठी काढलेला, म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही. टॉमला जादूची अंगठी राखायला सांगितलेली असते आणि ती जेरीच्या डोक्यात घट्ट अडकते. झाले! टॉमला आता जेरी हवाच आहे आणि हवा आहे तो अंगठीसाठी. कथानकासाठी पाठलाग थांबवावा लागत नाही, पाठलाग हेच कथानक होते. बोलायला इतर माणसे आणि प्राणी आहेतच. हीच युक्ती पुढच्यांनी का उचलली नाही, कळत नाही. उलट २०११ मध्ये या जोडीला ‘विझर्ड ऑफ ऑझ’ च्या जुन्या गोष्टीत आणि २०१७ मध्ये विली वाँकाच्या चॉकलेट कारखान्यात नेऊन बसवले. दुसऱ्याच्या लग्नात वाढपी म्हणून उभे राहावे तसे ते दोघे तिथे दिसतात.

लग्नावरून आठवले. टिम स्टोरी यांच्या २०२१ च्या ‘टॉम अँड जेरी’ मध्ये खरोखरच एक भारतीय थाटाचे लग्न आहे, न्यूयॉर्कच्या हॉटेलात, हत्तींसह. वधू पल्लवी शारदा. माणसे खरी आणि प्राणी सारे चितारलेले, अशी त्याची रचना. टॉम बोलत नाही, जेरी बोलत नाही. टॉम सेंट्रल पार्कमध्ये आंधळ्याचे सोंग घेऊन पियानो वाजवतो, तेव्हा ‘कॅट कॉन्सर्टो’ ची आठवण होऊन बरे वाटते. पण बोलणे ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडे चित्रपटही गेला. क्लोई ग्रेस मोरेट्झ हिने साकारलेली तरुणी खोट्या माहितीवर हॉटेलात नोकरी मिळवते. तिचे पुढे काय होणार, यातच बहुतेक वेळ खर्च होतो आणि ज्यांच्या नावाने तिकीट काढले ते दोघे मध्ये मध्ये धुडगूस घालून जातात. स्वभाव राखला, पण घरच्या मालकालाच ओसरीवर बसवले.

मात्र एक जुनी ठेव या चित्रपटाने सांभाळली आहे. हॅना २००१ मध्ये वारले. पण इथल्या टॉमसाठी जुनी ध्वनिमुद्रणे वापरली आहेत आणि त्यांत हॅना यांचा आवाज आहे. हॉटेलातले संवाद चालू असताना आमचा नातू उशी कुरतडत होता. टॉम ओरडला की तेवढ्यापुरता तो मान वर करी आणि खदखदून हसे.