विलंबिताचे मोल

मनुष्याच्या दिवसाची किंमत त्याने त्या दिवसात किती कामे उरकली यावरून ठरवण्याची रीत आता कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. आमच्या नागभीडसारख्या तहसिलीच्या गावातही पहाटे फिरायला निघालेला गृहस्थ आपली पावले मोजतो, विद्यार्थी अभ्यासाचे तास मोजतो, आणि ज्या घटकेच्या नावावर काहीच जमा दाखवता येत नाही ती तोट्याच्या सदरी गेली, असे आपण सारे निःशंक मनाने मानू लागलो आहोत. या वृत्तीवर मला ठाऊक असलेला खरा उतारा म्हणजे विलंबित लयीचे गायन.

रोवणीचे दिवस सरले, की सायंकाळी मी उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा लावून बसतो. झूमऱ्याच्या चौदा मात्रांचे एक आवर्तन पुरे होण्यास त्यांच्या गायकीत कधी कधी जवळपास मिनिटभर लागते. शिवाय मारव्यात षड्जावरचा विसावा दीर्घकाळ टाळला जात असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्या एका स्वराची प्रतीक्षा करणे भागच पडते. प्रारंभी मन तगादा लावते, पुढे काय म्हणून विचारते. आणि मग, उत्तर मिळत नाही असे पाहून, ते हळूहळू विचारणेच सोडते.

या संथपणाचा आधार तानपुरा होय. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या या वाद्याला ना ताल, ना चाल. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि जवारीच्या दोऱ्यामुळे प्रत्येक तारेतून तिच्या मूळ स्वराखेरीज अनेक सूक्ष्म स्वर उमटत राहतात. पाश्चात्त्य देशांत ज्याला अँबियंट संगीत म्हणतात, त्याच्या उगमापाशीही हा नाद आहे. अतिविलंबित गायकीचे थोर आचार्य, किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ, यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले, तेथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे संगीतकार त्यांचे शिष्य झाले. आणि १९७८ साली ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ रचणारे ब्रायन ईनो याच यंग यांना आपले पूर्वसूरी मानतात.

परंतु आज हेच संथ संगीत एकाग्रता वाढावी, काम अधिक व्हावे म्हणून कानांत घालण्याची प्रथा पडली आहे, आणि ती मला व्यथित करते. ज्याने कामाच्या हुकमतीतून मनुष्याची क्षणभर सुटका करावी, त्यालाच कामाच्या चाकरीस लावण्यासारखे हे आहे. विलंबित ख्याल ऐकताना दुसरे काहीही करू नये. त्यातून काही पदरात पडेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

अशा बिनहिशेबी अवधानाची थोरवी आमच्या तालुक्याला परकी नाही. नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली धानाच्या बांधीत इतरांहून निराळ्या अशा तीन लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले, वर्षानुवर्षे पेरून त्यातून निवड केली, आणि एचएमटी हा बारीक तांदळाचा वाण सिद्ध झाला. ते काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते, त्याला मुदत नव्हती. पीक लवकर उरकण्याच्या घाईत असलेल्या डोळ्यांना त्या तीन लोंब्या दिसल्याच नसत्या, असे मला वाटते. दादाजी २०१८ साली निवर्तले. त्यांची ती पाहण्याची रीत मात्र आपण जतन केली पाहिजे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उन्हाळ्यात तेंदूची पाने खुडून पुडे बांधणाऱ्या स्त्रीची मजुरी त्या पुड्यांच्या संख्येवर ठरते. तिला संथपणाचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण तिला सवड नाही, हा विलंबिताचा दोष नसून आपल्या व्यवस्थेचा आहे. निवांत घटका ही सुखवस्तू माणसाची चैन नव्हे, ती प्रत्येकाच्या हक्काची आहे. आणि म्हणून ज्याला विलंबिताचे मोल खरोखर कळले, त्याने त्या स्त्रीच्या दिवसभराच्या श्रमाला असे दाम मिळावेत यासाठीही झटले पाहिजे, की तिची संध्याकाळ तिची स्वतःची राहील.