सोरायसिसवाल्यांनो, अख्ख्या अंगाची तपासणी मागा!

नागपूरच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. काळं कापड कधीच नाही, कारण खांद्यावर पडलेले पांढरे खवले त्यावर उठून दिसतात. सलून टाळायचं, पोहणं सोडून द्यायचं, लग्नघरात कोपऱ्यातली खुर्ची धरायची. सोरायसिस झालेली माणसं आपल्याकडे अशी जगतात. या लपाछपीत इतकी ताकद खर्च होते की आतल्या आजाराकडे बघायला काही उरतच नाही. आज त्या आतल्या आजाराबद्दल मोठ्यानं बोलायचं आहे. चट्टे झाकण्यासाठी जेवढी धडपड आजवर केलीत, तिच्या निम्मी तरी आता रक्तदाब, साखर, सांधे आणि मन तपासून घेण्यासाठी करा. कोणी तपासत नसेल तर हट्ट धरून तपासून घ्या.

हा हट्ट कशासाठी, ते सांगतो. निरोगी कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकलं जातं आणि अर्धवट पिकलेल्या पेशींचे थर साचत जातात. ही घाई कातडीच्या मनाची असते, असं डॉक्टरांनाही बराच काळ वाटत होतं. १९७९ साली सांध्यांच्या त्रासासाठी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं औषध दिलेल्या काही रुग्णांचे चट्टे अनपेक्षितपणे विरले, आणि संशयाची सुई रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे वळली. पुढच्या दोन-तीन दशकांत टीएनएफ, इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ ही दाह पेटवणाऱ्या रसायनांची साखळी उलगडली. आजची महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं याच साखळीची एकेक कडी तोडतात. पण ही रसायनं रक्तातून सगळीकडे फिरत असतात. अशा आजाराला नुसती मलमं चोपडत राहणं म्हणजे भिंतीत नळ फुटलेला असताना वरून रंग मारणं.

२००६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ जोएल गेलफँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी चाळल्या. सोरायसिसचे सुमारे एक लाख तीस हजार रुग्ण आणि तो नसलेली साडेपाच लाख माणसं अशी तुलना त्यांनी मांडली. वय, धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका त्याच्या वयाच्या इतरांपेक्षा सुमारे तिप्पट निघाला. हे वाचून कोणी छातीवर हात ठेवून बसू नका. तिशीत हा धोका मुळातच अगदी थोडा असतो, त्याची तिप्पटही थोडीच. पण जो आजार तिशीत सुरू होऊन सत्तरीपर्यंत सोबत राहतो, त्याच्यासाठी हा इशारा फार मोलाचा होता. तो दिल्याला आता जवळपास वीस वर्षं होत आली. आपल्याकडच्या किती त्वचारोग ओपीडींमध्ये रुग्णाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला जातो? तुम्हीच आठवून पाहा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नेहल मेहता या हृदयरोगतज्ज्ञांच्या गटानं नंतर पेट स्कॅन लावून महारोहिणीच्या भिंतीतला दाह मोजला. कातडीवरचा आजार जितका जास्त, तितका तिथला दाहही जास्त, असं त्यांना दिसलं. मग महाग इंजेक्शन घेतलं की हृदय वाचतं का? इथं मात्र सबुरी हवी. गेलफँड यांच्याच गटानं पुढे ॲडालिम्युमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन देऊन बारा आठवडे पाहिलं, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या दाहात तुलनेसाठी नकली औषध घेणाऱ्यांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. प्रश्न अजून खुला आहे. त्यामुळे ‘हे इंजेक्शन घ्या, हृदयही सुरक्षित’ असं कोणी सांगितलं तर पुरावा मागा. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, विडी-सिगारेट सोडणं, पोटाचा घेर कमी करणं, साखर आणि चरबीची तपासणी वेळेवर करणं, या गोष्टींना पुरावा भक्कम आहे आणि त्या गरिबाच्याही आवाक्यात आहेत. वजन उतरलं की चट्टेही बऱ्याचदा निवळतात, हा आणखी एक फायदा. लठ्ठपणा, मधुमेह आणि यकृतावरची चरबी सोरायसिसच्या रुग्णांत जास्त आढळतात, हे आता देशोदेशींच्या अभ्यासांत पुन:पुन्हा दिसलं आहे.

सांध्यांच्या बाबतीत तर आपण अक्षम्य उशीर करतो. सोरायसिसच्या दहा रुग्णांपैकी तिघांपर्यंत जणांना सांध्यांचा सोरायसिस होऊ शकतो. बहुतेकांत आधी कातडी, मग कित्येकदा दहा वर्षांनी सांधे. या दहा वर्षांत रुग्ण चट्ट्यांना सरावलेला असतो, त्वचेचा डॉक्टर कधीच सुटलेला असतो, आणि टाच दुखू लागली की चपलेला दोष दिला जातो. बोटं सुजली तर ‘चिकनगुनियाचं उरलंय’, कंबर आखडली तर ‘वय झालं’. मग कोणीतरी आरए फॅक्टर नावाची रक्ततपासणी करायला सांगतं, ती निगेटिव्ह येते, आणि ‘तुम्हाला संधिवात नाही’ म्हणून घरी पाठवलं जातं. या आजारात ती तपासणी बहुधा निगेटिव्हच येते! तो रिपोर्ट घेऊन निश्चिंत झालेल्या माणसाचे सांधे मात्र आतून झिजत असतात. आयर्लंडमधल्या एका अभ्यासानं २०१५ साली दाखवलं, की सांधेतज्ज्ञाकडे पोहोचायला सहा महिन्यांचा उशीरही हाडांची झीज आणि हातापायांचं काम बिघडवायला पुरतो. सहा महिने! आपल्याकडे तेवढे दिवस तर मालिश आणि तेलातच जातात.

यावर उपाय इतका सोपा आहे की राग यावा. ‘पेस्ट’ नावाची एक प्रश्नावली आहे, पाच प्रश्नांची. कधी सांधा सुजला होता का? संधिवात आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलं का? नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का? टाच दुखते का? एखादं अख्खं बोट विनाकारण सुजून दुखलं होतं का? पाचांपैकी तीन ‘हो’ आले तर सांधेतज्ज्ञ गाठायचा. हे विचारायला एमडी लागत नाही. नर्स विचारू शकते, शाळेत जाणारी मुलगी आपल्या आईला विचारू शकते. सकाळी उठल्यावर अर्धा तास अंग आखडलेलं राहत असेल तर तेही सांगा. डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

आणि मन. रोज अंथरुणातून खवले झाडणाऱ्या माणसाचं मन कसं राहत असेल? नैराश्य सोरायसिसच्या रुग्णांत जास्त असतं हे अभ्यासांनी सांगितलं, पण ते कळायला अभ्यासाची गरज तरी होती का, असं वाटतं. या चट्ट्यांपायी लग्न मोडलेल्या मुली आपण पाहतो. आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, आणि हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका गादीवर झोपल्यानं तो कोणालाच होत नाही. हे आजीपासून सासूपर्यंत सगळ्यांना ठणकावून सांगा. जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. यात कमीपणा काही नाही.

शिवाशिवीची भीती आपल्याकडे जुनी. युरोपातही शतकानुशतकं सोरायसिस आणि कुष्ठरोग एकाच पोत्यात भरले जात होते. व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्रांनी १८४१ साली दोन्ही वेगळे आजार आहेत हे पक्कं केलं. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ काम उभारून कुष्ठरोग्याला माणूस म्हणून बघायला शिकवलं, तिथं न पसरणाऱ्या आजाराच्या माणसाला आपण पंगतीतून उठवतो. काय म्हणावं याला!

आता औषधांबद्दल दोन गोष्टी, कारण इथं माणसं खरोखर जिवाला मुकतात. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतल्यावर आठ दिवसांत कातडी चकचकीत होते. ती अचानक बंद केली की आजार उसळतो, कधी अंगभर पुवाच्या फोडांसह. ‘मुळापासून बरा’ असं भिंतीवर आणि मोबाईलवर सांगणाऱ्यांच्या बिननावाच्या पुड्यांत काय आहे, हे विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. मुळापासून बरा करणारं औषध जगात अजून कोणाकडे नाही. अनेक वर्षं डाग दिसू न देणारी औषधं मात्र आहेत. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारनं २०१८ साली बंदी घातली, तरी ‘ती खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की मिळते.

दुसरी गोष्ट मेथोट्रेक्सेट. स्वस्त, जुनं, सांध्यांना आणि कातडीला दोन्हींना उपयोगी. हे ज्या संशोधनातून आलं, त्याच्या मुळाशी आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. त्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत या कुळातली औषधं घडली आणि १९५१ साली त्यांपैकी एकाचा सोरायसिसवर गुण दिसला. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, रक्ततपासणी चुकवू नका, दारू बंद. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

रुग्णांनी हट्ट धरायचा तसाच शासनानंही जागं व्हायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २०१४ साली सोरायसिसवर ठराव केला, २०१६ साली अहवाल काढला. २०२० साली संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांची झडती घेतली तेव्हा ८१ टक्के देशांत या आजाराची मोजदादच सापडली नाही. भारतातले आकडे आहेत ते बहुतांशी इस्पितळांचे, आणि ते ०.४४ टक्क्यापासून २.८ टक्क्यांपर्यंत पसरलेले. शंभरात एक धरला तरी २०११च्या जनगणनेतल्या ११ कोटी २३ लाखांच्या महाराष्ट्रात अकरा लाखांवर माणसं होतात. त्यांतल्या किती जणांना मधुमेह आहे, किती जणांचे सांधे वाकडे झाले, किती जण चाळिशीत हृदयविकारानं गेले? आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून नोंदवही सुरू करावी. गव्हाळ-सावळ्या कातडीवर हे चट्टे लालऐवजी जांभळट-करडे दिसतात, हे तरी आपल्या फोटोंसह आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावं.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम गावोगाव चालू आहेच. त्याच टेबलावर सोरायसिसच्या रुग्णाला वय न बघता पाठवा. आशाताई घरोघर फिरून कुष्ठरोगाचे चट्टे शोधतात. तपासणीत ‘कुष्ठ नाही’ असं निघालं की तो माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि घरी जातो. त्याला खवले असतील तर त्याच दिवशी पाच प्रश्न विचारावेत, बीपी मोजावं, आणि पुढे कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी जायचं हे कागदावर लिहून द्यावं. येत्या २९ ऑक्टोबरला, जागतिक सोरायसिस दिनी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आपल्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात जा आणि ही मागणी लेखी द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.