सोंग घ्यावं, पण कुणाचं?

ऑक्टोबर उजाडला की आमच्या ऑफिसात (मुक्काम अमेरिका, मिडवेस्ट, स्वेटर बाहेर निघालेले) दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे कॉफीला भोपळ्याचा वास यायला लागतो. आणि दुसरी, कुणीतरी ई-मेल टाकतं, "यंदा टीमने मिळून काय व्हायचं?"

अर्थात हॅलोविन, ३१ ऑक्टोबर. आयरिश आणि स्कॉटिश मंडळींनी एकोणिसाव्या शतकात येताना हा सण बरोबर आणला. तिकडे ते सलगम कोरायचे, इथे त्यांना ऐसपैस भोपळा मिळाला. आता पोरं संध्याकाळी दारोदार चॉकलेटं गोळा करतात आणि मोठी माणसं दिवसा ऑफिसात सोंगं घेऊन मीटिंगांना बसतात. मला सोंगांचं वावडं नाही. मी कोकणातला, लहानपणी शिमग्यात संकासुर दिसला की आजीच्या पदरामागे लपायचो. तेव्हा "काय हे पाश्चात्य खूळ" असा सूर मी लावणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटे उठून उटणं लावून आंघोळ केली (कारीट फोडायला इथे कुठून आणणार, ते राहिलंच) आणि गुरुवार असल्याने तसाच नवा कुर्ता घालून ऑफिसला गेलो. लिफ्टमध्ये दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एक बाई भेटल्या. डोक्यावर चेटकिणीची टोपी, चेहरा हसरा. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अलादीन?"

आणि मी काय म्हणालो? "येस!"

त्या बिचाऱ्यांची काहीच चूक नव्हती. त्या दिवशी लिफ्टमधला प्रत्येक माणूस कोणीतरी बनूनच आला होता. पण मी 'हो' का म्हणालो हे मला दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी आईला फोन केला. तिकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ. तिने विचारलं, "कुर्ता घातलास ना रे? काय म्हणाले लोक?" मी म्हटलं, "छान म्हणाले." तसं ते खोटं नव्हतं...

असो. २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा तोच ई-मेल आला. मीटिंगमध्ये आमचा मॅनेजर (मनाने खरंच चांगला माणूस) उत्साहाने म्हणाला, "बॉलिवूड करू या! कपडे याच्याकडे आहेतच." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक श्वास घेतला आणि लिफ्टमधली गोष्ट सांगून टाकली. जरा शांतता पसरली. मग त्याने विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?" आता दोन मजल्यांच्या प्रवासात माणूस दिवाळी किती समजावणार!

मग काय, आमचे कपडे दुसऱ्या कुणी घालूच नयेत? छे, तसं मुळीच नाही. दिवाळीच्या पॉटलकला आमची एक अमेरिकन सहकारी माझ्या बायकोकडून साडी नेसवून घेते तेव्हा आम्हाला कोण आनंद होतो. पण तेव्हा ती आमच्या सणाला आलेली पाहुणी असते. हॅलोविनला तीच साडी नेसली तर ती 'आम्ही' बनून आलेली असेल. कापड तेच, पण फरक आहे. मेक्सिकन टोप्या आणि नेटिव्ह अमेरिकन पिसं यांनाही हेच लागू. माणसांचं सोंग घेण्यापेक्षा वस्तूंचं घ्यावं हे उत्तम. खडूच्या भावना दुखावत नाहीत.

दुसरा मुद्दा इंजिनिअरचा. ग्रुप कॉस्च्युममध्ये सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नको. 'विझर्ड ऑफ ऑझ' करायचं ठरवलं आणि सकाळी डोरोथीला ताप आला, तर उरलेले तिघे कोण? एक सिंह, एक पत्र्याचा माणूस आणि एक बुजगावणं, दिवसभर खुलासे देत फिरणार. शिवाय प्रत्येक टीममध्ये एखादा असतोच ज्याला हे नको असतं. कुणी धर्मामुळे हॅलोविन पाळत नाही, कुणी लाजतो, कुणाची त्या महिन्यात ओढाताण असते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. अशा माणसाला "तू नाही आलास तर सगळं बिघडेल" हे ऐकवण्यासारखी सक्ती नाही. तो नसला तरी सोंग उभं राहिलं पाहिजे.

या कसोटीवर काय टिकतं? क्रेयॉन टिकतात. क्रेयोलाची पहिली पेटी १९०३ ची, आठ रंगांची. एका रंगाचा टी-शर्ट आणि पुठ्ठ्याची टोकदार टोपी, झालं काम. सातजण असा की तीन, कुणी मोजत नाही. टेट्रिसही छान. १९८४ साली मॉस्कोत पाजित्नोवने बनवलेल्या त्या खेळात ठोकळ्यांचे आकार सातच, पण कितीही आले तरी चालतात, आणि मीटिंगच्या खोलीत एकमेकांत अडकून बसता येतं. पॅकमॅन मला फार आवडतो. १९८० च्या त्या गेममध्ये चारही भुतांचा अल्गोरिदम वेगवेगळा: एक थेट पाठलाग करतं, एक पुढे जाऊन वाट अडवतं... पण पॅकमॅनच आजारी पडला तर भुतांनी कुणाच्या मागे धावायचं?

एक सोंग मात्र कृपा करून नको: हातात खोकं घेतलेला 'ले-ऑफ' झालेला कर्मचारी. एच-वन-बी वाल्याची नोकरी गेली की हातात साधारण साठ दिवस असतात, त्यात घर, गाडी, पोरांची शाळा सगळं आलं. त्याच्या शेजारी बसून हा विनोद करू नये.

शेवटी आम्ही काय केलं? ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये एक पतंग (दिव्यावर झेपावणारा, मांज्याचा नव्हे) अडकून मेला होता. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला. 'बग' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा, एडिसनच्या पत्रातही तो सापडतो, पण ते पान आज वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे. आम्ही पुठ्ठ्याची खोकी रंगवून रिले झालो. पतंग कुणाला केलंच नाही, कागदाचा कापला आणि ज्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यात जास्त बग ओपन, त्याच्या पाठीवर चिकटवला. दुपारपर्यंत तो पाचजणांच्या पाठीवर फिरला. आमचा टेस्टर, जो हॅलोविन पाळत नाही, नेहमीच्या शर्टात कामाला बसला होता. कुणी त्याला काही विचारलं नाही. दुपारी त्यानेच उठून पतंग माझ्या पाठीवर लावला आणि म्हणाला, "हा तुझा आहे, रिओपन करतोय."

बक्षीस मिळालं नाही, ते सेल्सवाल्यांच्या क्रेयॉननी नेलं. लिफ्टमध्ये त्याच बाई पुन्हा भेटल्या. माझ्या खोक्याकडे बघून म्हणाल्या, "मायक्रोवेव्ह?"

या वेळी मात्र मी "नो" म्हणालो. आणि रिले म्हणजे काय ते दोन मजल्यांत समजावून सांगितलं. दिवाळीही सांगता येईल बहुतेक...