भुईकोटांची उपेक्षा

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि महाराष्ट्रात सर्वत्र आनंदीआनंद झाला. महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी मिळून या बारा दुर्गांचा झालेला गौरव सर्वथा योग्य होय, व त्या आनंदात आम्हीही वाटेकरी आहोत. परंतु या बारांत डोंगरी किल्ले आहेत, सागरी किल्ले आहेत. भुईकोट मात्र एकही नाही, आणि मराठवाड्यातील तर कोणताच नाही. यादीची कसोटी ठरलेली होती, तेव्हा तिच्याशी आमचा वाद नाही. वाद आहे तो या निमित्ताने सुशिक्षितांच्या तोंडून वारंवार ऐकू येणाऱ्या एका मताशी. ते मत असे की, महाराष्ट्राचे खरे किल्ले सह्याद्रीत आणि समुद्रात. कंधार, उदगीर, औसा, परांडा, नळदुर्ग हे सुलतानांचे कोट. ते राहिले काय आणि ढासळले काय, आपले काय जाते?

हे मत क्षणभर मान्य करून पाहू. किल्ला ज्याने बांधला त्याचाच तो, असे ठरविले तर पन्हाळा शिलाहारांस परत द्यावा लागेल आणि जिंजीवर तर आपणांस बोटही ठेवता येणार नाही. १६३० साली शिवछत्रपती ज्या शिवनेरीवर जन्मले, तो किल्ला तेव्हा निजामशाहीचाच होता. म्हणजे जी कसोटी लावून परांडा परका ठरतो, तीच लावली असता शिवनेरीही हातचा जातो. तेथे ती लावण्याचे धैर्य कोणास होत नाही, व ते होऊ नये हेच योग्य. मग मराठवाड्यापुरतीच ती बाहेर काढणे यास न्याय कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप असा की, मराठ्यांचा पराक्रम या कोटांपाशी घडला नाही. पानिपत ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. परंतु त्यापूर्वी वर्षभरच, फेब्रुवारी १७६० मध्ये, त्याच सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या स्वारीत निजामास नमविले आणि त्या तहाने दौलताबादचा किल्ला व सुमारे साठ लक्षांचा मुलूख मिळविला, हे किती पदवीधरांस सांगता येईल? पराभवाचे गाव मुखोद्गत आणि विजयाचे गाव विस्मृत, अशी आपल्या इतिहासप्रेमाची तऱ्हा आहे!

खरे कारण निराळेच आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी अमलाखाली होता. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांची पायवाट सह्याद्रीकडे वळली ती तशीच राहिली. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. नकाशा बदलला, पण पायवाट बदलली नाही. आणि आम्ही मराठवाड्याचे लोकही तीच दृष्टी उसनी घेऊन बसलो. पिंगळी-परभणीकडची मुले सहलीला रायगडी जातात, ते उत्तमच. पण ज्या कंधारचे नाव राष्ट्रकूटांच्या काळापासून चालत आले आहे, ते एका दिवसात पाहून परतता येते, हे त्यांस कोणी सांगत नाही. पिंगळीची प्राचीन बारव कोणत्या राजाने बांधली हे विचारून गावकऱ्यांनी तिच्यावर माया केली नाही. ती गावात आहे म्हणून ती गावाची. कोटाच्या बाबतीत हे साधे शहाणपण आम्हां शिकलेल्यांस का सुचू नये?

आणि हे कोट म्हणजे केवळ दगडमातीचे ढिगारे नव्हेत. सतराव्या शतकाच्या आरंभी बोरी नदी अडवून नळदुर्गास जो बंधारा घातला, त्याच्या पोटात महाल आहे. माथ्यावरून पाणी कोसळत असता आत मनुष्य कोरडा बसतो. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, परांड्याच्या तटावर राहिली आणि १६३२ साली विजापुरास नेली गेली. ती ओतणारा मुहम्मद हा रूमी, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या मुलखातला. म्हणून विजापूरकरांनी ती कधी परकी मानली नाही.

त्याच साम्राज्याखाली शतकानुशतके राहिलेल्या सर्बियाकडे पाहा. डॅन्यूबच्या काठी गोलुबाचचा किल्ला आहे. तो हंगेरियन, सर्ब आणि तुर्क यांच्या हातांतून फिरला. पुढे तर त्याच्या वेशींतून मोटारींचा रस्ता गेला. सर्बियाने डोंगरातून बोगदा काढून तो रस्ता वळविला, किल्ला दुरुस्त केला आणि २०१९ साली लोकांस खुला केला. तुर्कांनी तोफांसाठी बांधलेला बुरूजही त्यांनी जपला. तुर्कांच्या सत्तेविषयी त्या राष्ट्रास ममता नाही. पण दगडांवर सूड उगवून इतिहास बदलत नाही, एवढे त्यास कळते.

सर्वच सरकारने करावे, असे आमचे म्हणणे नाही. मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयाने एकेक कोट पत्करावा. त्याची मोजणी करून नकाशे काढावेत, शिलालेखांचे ठसे घ्यावेत, तोफांची नोंद ठेवावी. लेख पुष्कळसे फारसीत आहेत, म्हणून चार विद्यार्थ्यांस फारसी शिकवावी; मोडी शिकवितो तशीच. तटाच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप आज बोटांनी उपटता येते; दहा वर्षांनी त्याच जागी बुरूज उतरवून पुन्हा रचावा लागेल. या कामास यादीतील नावाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांस हे कोट आपले वाटत नाहीत, त्यांनी निदान उदगीरच्या तटावर एकदा उभे राहावे, आणि मग तो परका कसा, हे आम्हांस समजावून द्यावे.