गृहव्यवस्था : बाळंतिणीच्या खोलीची ऊब

महाड तालुक्यांत तुडीलसारख्या गांवीं थंडी ती कसली, असें घाटावरची मंडळी म्हणतील. परंतु पौष-माघांत पहांटे बाळंतिणीच्या व वृद्धांच्या खोलींत ऊब ही लागतेच. त्यासाठीं दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची आपली जुनी चाल मात्र घातक आहे. धुमसत्या कोळशांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. झोपेंतच मनुष्य दगावतो. तेव्हां बंद खोलींत विजेचा हीटरच बरा.

तो भिंतीवरचा घ्यावा, कीं कॅनडांतील घरांत असतो तसा भिंतीच्या पायथ्याशीं लांबट बसविलेला? खर्चांत भेद नाहीं : १,००० वॅटचा कोणताही हीटर तासभर चालला कीं १ युनिट वीज जाते व तेवढीच उष्णता मिळते. भेद आहे तो रीतींत. पायथ्याचा हीटर आवाज न करितां खोली हळूहळू तापवितो. पण त्यापुढें पलंग वा पडदा चालत नाहीं. भिंतीवरचा पंख्याचा हीटर लवकर ऊब देतो आणि रांगत्या मुलाच्या हातापासून उंच बसवितां येतो. आपणांस घटका-दोन घटकाच ऊब हवी. म्हणून हाच सोयीचा. मात्र २,००० वॅटच्या हीटरास १६ अँपिअरचा, अर्थिंगचा प्लग हवा, आणि त्यावर ओलीं दुपटीं वाळत घालूं नयेत.

वडील माणसांनीं ओव्या-शेपांच्या धुरीचा आग्रह धरिल्यास त्यांचें मन मोडूं नये. दार तेवढें उघडें ठेवावें आणि निजण्यापूर्वीं शेगडी पडवींत न्यावी.